विश्लेषण : ‘सी’ ड्राइव्ह भरला म्हणून सगळे फोल्डर ‘डी’वर हलवावेत का? गावच्या सामाईक संगणकासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

ग्रामपंचायत, सेवा केंद्र, शाळेचा संगणक कक्ष, ग्रंथालय. या सगळ्या ठिकाणी एकच संगणक अनेकांच्या हाताखालून जातो. ‘सी’ ड्राइव्ह भरला की ‘सगळे डी वर टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात गावकऱ्यांची कागदपत्रे अडकलेली असतात.

मालवण तालुक्यातील धामापूरच्या तलावाची एक आख्यायिका सिंधुदुर्गात आवर्जून सांगितली जाते. गावात लग्न ठरले की घरची मंडळी फुलांनी भरलेली परडी तलावात सोडून भगवती देवीकडे दागिने मागत. परडी पाण्यात जाई आणि वर येताना सोन्याचे दागिने घेऊन येई. कार्य उरकले की दागिने परत करायचे, एवढीच अट. एकाने ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून परडी रिकामीच राहिली, असे म्हणतात. हा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधला, असे मानले जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला.

आख्यायिकेतील व्यवहार आजही ओळखीचा आहे. धामापूरसारख्या गावांत आता सगळ्यांनी मिळून वापरायची आणखी एक वस्तू आहे, ती म्हणजे ग्रामपंचायतीतील किंवा सेवा केंद्रातील संगणक. इथे आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, दहावीची गुणपत्रिका विश्वासाने हवाली केली जाते. दाखला मिळतो, मूळ कागद हातात परत येतो. त्याची स्कॅन केलेली प्रत मात्र संगणकातच राहते. ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कोणत्या ड्राइव्हवर आहे आणि कोणाकोणाला उघडता येते, हे सहसा कोणी विचारत नाही.

गावात संगणकावर इतका भार का आला?

महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि संगणक परिचालक आले. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे दाखले ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन आले आणि अर्ज ऑनलाइन भरणे नेहमीचे झाले. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेवा केंद्रांबाहेर लागलेल्या रांगा राज्याने पाहिल्या. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले.

म्हणजे जून-जुलै आला की उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी गावातील तेच एक यंत्र दिवसभर चालते. प्रत्येक अर्जामागे चार-पाच स्कॅन, एखादा फोटो, डाउनलोड केलेली पावती आणि शेवटी दाखल्याची पीडीएफ. हे सगळे आपोआप ‘सी’ ड्राइव्हवर साठत जाते. एके दिवशी संगणक मंदावतो, मग जागा संपल्याची लाल पट्टी दिसते आणि दुरुस्तीवाल्याला फोन जातो.

प्रोफाइल फोल्डर म्हणजे काय?

विंडोज संगणकात वापरणाऱ्या प्रत्येकाचे एक खाते असते आणि प्रत्येक खात्याचे एक घर. ते ‘सी’ ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये असते. विंडोज एक्सपीच्या काळात याच जागेला ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ म्हणत. २००७ मध्ये व्हिस्टा आल्यापासून ‘यूजर्स’ हे नाव रूढ झाले.

या घराचे दोन भाग आहेत. पहिला दिसणारा : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक. माणसाने स्वतः ठेवलेल्या फाइल्स इथे असतात. दुसरा भाग लपलेला. ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ब्राउझरचा इतिहास, साठवलेले पासवर्ड, व्हॉट्सॲपसारख्या ॲपची माहिती आणि तात्पुरत्या फाइल्स राहतात. त्याच्या शेजारी ‘एनटीयूजर’ नावाची एक फाइल असते. त्या खात्याच्या सगळ्या सेटिंग्ज तिच्यात नोंदलेल्या असतात. खाते उघडताना विंडोज सर्वांत आधी जे शोधते त्यात ही फाइल येते.

स्मार्टफोन वापरणाऱ्यांना हा फरक चटकन कळेल. फोनची जागा संपली की फोटो एसडी कार्डवर हलवता येतात आणि काही बिघडत नाही. ॲपची स्वतःची माहिती मात्र बहुतेक वेळा फोनच्या आतल्या साठ्यातच राहते. कार्ड काढून टाकले तर फोटो दिसणार नाहीत, पण फोन चालू राहील. फोन सुरू होण्यासाठी लागणारी माहितीच कार्डावर असती तर कार्डाबरोबर फोनही अडला असता. संगणकातही हीच गोष्ट लागू होते.

‘डी’वर हलवण्याचा सल्ला आला कुठून?

आपल्याकडे संगणक जोडून देणाऱ्यांनी हार्ड डिस्कचे ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे भाग पाडण्याची पद्धत वर्षानुवर्षे पाळली. त्यामागे अनुभव होता. व्हायरस शिरला किंवा विंडोज बिघडले की ‘सी’ फॉरमॅट मारायचा. ‘डी’वरचे तसेच राहते. ज्यांचे काम डेस्कटॉपवर होते त्यांचे गेले, ज्यांचे ‘डी’त होते त्यांचे वाचले. असे एकदा घडले की माणूस आयुष्यभर ‘डी’तच फाइल ठेवतो.

अलीकडे दुसरे कारण जोडले गेले. जुना संगणक वेगवान करण्यासाठी १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकतात आणि जुनी ५०० जीबी वा १ टीबीची हार्ड डिस्क ‘डी’ म्हणून ठेवतात. वेग वाढतो, पण ‘सी’ची जागा आटते. अशा यंत्रावर फाइल्स मोठ्या डिस्कवर हलवणे रास्तच आहे. प्रश्न आहे तो नेमके काय हलवायचे याचा.

संपूर्ण प्रोफाइल हलवले तर काय होते?

‘यूजर्स’ फोल्डरच उचलून ‘डी’वर नेण्याच्या युक्त्या आहेत. रजिस्ट्रीत पत्ता बदलणे, जुन्या जागी नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा करून ठेवणे, विंडोज बसवतानाच वेगळी जागा सांगणे असे हे मार्ग. शेवटच्या मार्गाची सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवली आहे, पण ती चाचणीपुरती वापरावी, असेही कंपनीने स्पष्ट केले आहे. प्रोफाइलची मुख्य जागा विंडोजच्या ड्राइव्हबाहेर नेल्यास पुढची आवृत्ती घेणे अडते आणि काही अपडेट्स बसत नाहीत, असा इशारा तिने दिलेला आहे.

हा इशारा आज कागदोपत्री राहिलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यालये आणि शाळांतील यंत्रे विंडोज ११ वर न्यायची आहेत. त्याच वेळी प्रोफाइल भलत्या ठिकाणी निघाले तर सगळे पुसून नव्याने सुरुवात करण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा धोका रोजच्या कामातला आहे. जुन्या हार्ड डिस्कची तार सैल झाली किंवा डिस्क उशिरा सुरू झाली की विंडोजला त्या खात्याचे घर सापडत नाही. मग ते तात्पुरते प्रोफाइल उघडून देते. पडद्यावर कोरा डेस्कटॉप येतो आणि सगळे गेले असे वाटते. खरे नुकसान याच्या पुढे होते. घाईत असलेला परिचालक त्याच कोऱ्या डेस्कटॉपवर दिवसभर स्कॅन करून फाइल्स ठेवतो. संध्याकाळी साइन आउट केले की तात्पुरते प्रोफाइल पुसले जाते आणि त्यातील फाइल्सही जातात. रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना पुन्हा बोलावण्यापलीकडे मग उपाय उरत नाही.

म्हणून नियम साधा आहे : घर हलवू नये, घरातील सामान हलवावे. ‘ॲपडेटा’ आणि सेटिंग्जची फाइल ‘सी’वरच राहू द्यावी.

सामान हलवायचे कसे?

विंडोजमध्ये यासाठी अधिकृत सोय आहे. ‘डॉक्युमेंट्स’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. त्यात ‘लोकेशन’ हा टॅब असतो. ‘मूव्ह’ दाबून ‘डी’वर आधीच तयार केलेला फोल्डर निवडावा, ‘अप्लाय’ करावे आणि जुन्या फाइल्सही नव्या जागी न्यायच्या का, या प्रश्नाला होकार द्यावा. त्यानंतर कोणताही प्रोग्राम ‘डॉक्युमेंट्स’मध्ये काही ठेवू लागला की ते आपोआप ‘डी’वर जाते. वापरणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही.

इथे चार चुका वारंवार होतात.

पहिली, ‘डी’च्या आत फोल्डर न करता थेट ‘डी’ ड्राइव्हच निवडणे. मग अख्खा ड्राइव्ह ‘डॉक्युमेंट्स’ म्हणून दिसू लागतो आणि ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ करून मागे जाणे डोकेदुखी होते.

दुसरी, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स या तिघांना एकच जागा देणे. तिन्ही एकात मिसळतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत. प्रत्येकाला स्वतःचा फोल्डर हवाच.

तिसरी, एका खात्यात बदल केला म्हणजे सगळ्यांसाठी झाला, असे समजणे. ही सेटिंग खात्यागणिक असते. चार खाती असतील तर चारही वेळा करावी लागते.

चौथी, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून जोडलेली डिस्क निवडणे. ती कोणी काढून नेली की फोल्डरचा पत्ताच हरवतो. शिवाय पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट प्रकारच्या असतात. अशा ड्राइव्हवर ‘हे फोल्डर फक्त अमुक माणसाला उघडावे’ असा नियम लावताच येत नाही. तो लावण्यासाठी ड्राइव्ह एनटीएफएस प्रकारचा असावा लागतो.

वनड्राइव्ह चालू असेल तर आधी ते पाहावे. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केले की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हला जोडले जाऊ शकतात. सेवा केंद्रातील संगणक परिचालकाच्या वैयक्तिक खात्याने चालू असेल तर गावकऱ्यांचे स्कॅन त्याच्या खासगी क्लाउड साठ्यात जातात. मोफत मिळणारी ५ जीबी जागा भरली की ते थांबते. तोवर किती कागद बाहेर गेले, याचा हिशेब कोणाकडे नसतो.

ड्राइव्ह बदलला की खासगीपणा का कमी होतो?

हा मुद्दा दुरुस्तीवाला सांगत नाही आणि वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘यूजर्स’मधील प्रत्येक घराला विंडोज आपोआप कुलूप लावते. साध्या खात्याने साइन इन केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाता येत नाही. प्रशासक खात्याला मात्र ते उघडता येते.

‘डी’ ड्राइव्हवर हे कुलूप नसते. तिथे नवा फोल्डर केला की साधारणपणे त्या संगणकावर साइन इन करणाऱ्या कोणालाही तो उघडता येतो, त्यातील फाइल बदलता येते, पुसताही येते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फाइल गेली की ती नव्या जागेचे नियम स्वीकारते. म्हणजे ‘सी’वर बंद असलेले कपाट ‘डी’वर आणून ओसरीवर उघडे ठेवल्यासारखे होते. घरातील सामान सुरक्षित राहावे म्हणून ते हलवले आणि दार मात्र उघडे राहिले, असा हा प्रकार.

उपाय अवघड नाही. ‘डी’वर प्रत्येक खात्याच्या नावाचा फोल्डर करावा. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये जाऊन वरून आलेले सर्वांसाठीचे अधिकार काढावेत आणि फक्त त्या खात्याला व प्रशासकाला ठेवावेत. हे झाले की दुसऱ्या खात्याने साइन इन करून तो फोल्डर उघडून पाहावा. उघडला तर काम अपुरे आहे. पाच मिनिटांची ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सोडून दिली जाते.

अर्थात हे कुलूप संगणक चालू असेपर्यंतच. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की ते सहज ओलांडता येते. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ असते. त्याची रिकव्हरी की लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. ती हरवली तर डिस्क मालकालाही उघडत नाही.

आणि खातीच वेगळी नसतील तर?

मग वरची सगळी चर्चा व्यर्थ आहे. अनेक ठिकाणी सामाईक संगणकावर एकच खाते असते, त्याला पासवर्ड नसतो आणि तेच प्रशासक खाते असते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, परिचालक, कधी शाळेतील शिक्षक, कधी अर्ज भरायला आलेला कॉलेजचा मुलगा, सगळे त्याच दारातून आत येतात. ब्राउझरमध्ये एकाचा जीमेल, दुसऱ्याची बँक आणि तिसऱ्याचे पोर्टल उघडे असते. अशा संगणकावर फोल्डर ‘सी’वर आहेत की ‘डी’वर, याने काही फरक पडत नाही.

म्हणून क्रम असा हवा. आधी प्रत्येकाचे वेगळे, साधे खाते. मग प्रशासक खाते वेगळे, त्याचा पासवर्ड जबाबदार व्यक्तीकडे. त्यानंतर फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर ठेवायचे हा विचार. आलेल्या लोकांसाठी एक ‘पाहुणा’ खाते करून ठेवणे उत्तम. त्यातील सगळे रोज संध्याकाळी पुसायचे.

परिचालक बदलला की आणखी एक गोष्ट घडते. खाते काढून टाकताना विंडोज ‘यूजर्स’मधील त्याचे घर पुसते. ‘डी’वर हलवलेले फोल्डर मात्र जागच्या जागी राहतात. त्यात पंचायतीचे दप्तर असते, तसेच वर्षभरात येऊन गेलेल्या लोकांचे आधार कार्डही. ते कोणाचे, किती दिवस ठेवायचे आणि कोणी पुसायचे, हे लिहून ठेवलेले नसेल तर ते तसेच पडून राहते.

डाउनलोड्सही हलवावे का?

सेवा केंद्रात तरी नको. विंडोजमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. सेटिंगमध्ये सांगितले तर ती डाउनलोड्समधील १, १४, ३० किंवा ६० दिवस न उघडलेल्या फाइल्स स्वतःच काढून टाकते. ही झाडलोट फक्त विंडोजच्या ड्राइव्हवर, म्हणजे सहसा ‘सी’वर होते. डाउनलोड्स ‘डी’वर नेले की ते तिच्या टप्प्यातून बाहेर जाते आणि लोकांचे ई-आधार, पासबुकचे फोटो वर्षानुवर्षे साठत राहतात. मोठ्या डिस्कवर जागा संपत नाही, म्हणून कोणी पाहतही नाही. ‘सी’ भरल्याची लाल पट्टी त्रासदायक असली तरी ती निदान आठवण करून देत असते.

स्कॅनचेही असेच आहे. स्कॅनिंगचे प्रोग्राम बहुधा डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये फाइल ठेवतात. ते फोल्डर ‘डी’वर गेले की स्कॅनही तिकडे जाऊ लागतात. म्हणून दोन गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवाव्यात. पंचायतीचे दप्तर, म्हणजे ठराव, नमुने, पत्रव्यवहार, जपायचे आहे. ते ‘डी’वर जावे. आलेल्या नागरिकांचे स्कॅन काम होईपर्यंतच हवे असतात. ते वेगळ्या फोल्डरमध्ये, मुदत घालून ठेवावेत. एक जपण्यासाठी, दुसरे परत देण्यासाठी. स्कॅन परत देणे म्हणजे ते पुसणे.

‘डी’वर आहे म्हणजे सुरक्षित आहे का?

हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. ‘सी’ आणि ‘डी’ बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच घराच्या दोन खोल्या. घर पडले की दोन्ही जातात. फॉरमॅटपासून ‘डी’ वाचतो, डिस्क बिघडली तर वाचत नाही.

कोकण किनाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, झाडे-खांब पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वादळ नसतानाही पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते, मेघगर्जनेसह झटके येतात, खाऱ्या दमट हवेने जोडण्या गंजतात. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला अचानक वीज जाणे मानवत नाही, आणि ‘डी’ म्हणून बहुधा तीच लावलेली असते.

म्हणून दप्तराची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, ती काढून कपाटात ठेवावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरही विजेच्या झटक्याचा आणि फाइल्स ओलीस धरणाऱ्या व्हायरसचा घाला पडतो.

संगणक भंगारात किंवा दुरुस्तीला देतानाही ‘डी’ विसरला जातो. ‘सी’ फॉरमॅट करून यंत्र विकले जाते आणि ‘डी’वरील गावभरचे कागद त्याच्यासोबत जातात. नुसते डिलीट केलेल्या फाइल्स परत मिळवता येतात. डिस्क पूर्ण पुसून किंवा ती काढून ठेवूनच यंत्र बाहेर द्यावे.

शाळांनी काय करावे?

शाळेत अडचण उलटी असते. तिथे मुले सेटिंग बदलतात, खेळ टाकतात, पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणतात. म्हणून अनेक संगणक कक्षांत ‘फ्रीझ’ करणारे सॉफ्टवेअर असते. संगणक पुन्हा सुरू केला की ‘सी’ जसाच्या तसा होतो. मुलाने डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेला प्रकल्पही त्याबरोबर नाहीसा होतो. अशा ठिकाणी डॉक्युमेंट्स ‘डी’वर हलवणे आणि ‘डी’ फ्रीझ न करणे हाच मार्ग आहे. मात्र खाते एकच असेल तर एका मुलाचा प्रकल्प दुसऱ्याच्या हाती लागतो, हे लक्षात ठेवावे.

लिनक्समध्ये ही मांडणी मुळातच आहे. सगळ्यांची घरे ‘होम’ नावाच्या जागी असतात. ती जागा वेगळ्या भागावर ठेवणे नेहमीचे मानले जाते. प्रणाली नव्याने टाकली तरी ‘होम’ला धक्का लागत नाही. केरळने शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला आणि तेथील सरकारी शाळांत लिनक्स वर्षानुवर्षे चालते. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणक शिकवला, पण तो मुख्यतः विंडोजच्या सवयीचा. खाते, अधिकार, बॅकअप हे शब्द फाइल सेव्ह करण्याइतके अंगवळणी पडले नाहीत.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय केले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. उद्देश संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्वही त्यात आहे.

मे २०२२ मधील एक प्रसंग इथे आठवतो. यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने २७ मे रोजी एक सूचना काढली. सायबर कॅफेसारख्या सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड करणे टाळावे आणि केलेच तर प्रत कायमची पुसावी, असे त्यात म्हटले होते. गैरसमज होऊ शकतो, या कारणाने केंद्राने दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली. सूचना मागे गेली तरी सामाईक संगणकावरील आधारची प्रत पुसण्यातले शहाणपण जागेवरच आहे.

जबाबदारी कोणाची?

हे सगळे संगणक परिचालकाच्या गळ्यात बांधणे सोपे आहे. पण मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करणाऱ्या, एकाच यंत्रावर पंचायतीचे आणि गावाचे काम ओढणाऱ्या माणसाकडून गावाच्या माहितीची राखणही फुकटात मागणे न्याय्य नाही. संगणक खरेदी करताना त्यावर कोणती खाती, कोणते फोल्डर कुठे, प्रत कशी घ्यायची आणि नागरिकांचे स्कॅन किती दिवसांनी पुसायचे, याचा एक पानी नमुना जिल्हा परिषदेने तयार करून प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावा. नमुना ८ किंवा दप्तर तपासणीबरोबर वर्षातून एकदा तोही तपासावा. याला नवा निधी लागत नाही. लागते ते कोणीतरी ठरवण्याची.

नागरिकांनाही दोन प्रश्न विचारता येतात. काम झाल्यावर ‘माझे स्कॅन पुसले का?’ आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे ‘मास्क्ड आधार चालेल का?’ हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. खिडकीतून मूळ कागद परत घेताना तो मोजून घेतो, तसेच हे.

धामापूरच्या आख्यायिकेत देवीची अट एकच होती, कार्य झाले की घेतलेले परत करायचे. गावच्या संगणकालाही तीच अट घालायला हवी. दाखला निघाला की लोकांचे कागद त्यातून परत गेले पाहिजेत, मग ते ‘सी’वर असोत की ‘डी’वर.